विश्लेषण : विपश्यना भारतात परत पाठवणारे ‘सयाजी’ ऊ बा खिन कोण होते?

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवस मौन पाळून आलेल्यांना सत्यनारायण गोएंका यांचा ध्वनिमुद्रित आवाज परिचयाचा असतो. ज्या गुरूंविषयी गोएंका आयुष्यभर कृतज्ञतेने बोलत राहिले, ते ऊ बा खिन भिक्षू नव्हते. ब्रह्मदेशाच्या सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी होते. नावाआधी लागणारा ‘सयाजी’ हा गुरूसाठीचा ब्रह्मी शब्द. बडोद्याच्या सयाजीरावांशी त्याचा संबंध नाही.

रंगूनमध्ये १८९९ साली साध्या घरात जन्मलेले ऊ बा खिन महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून लागले. जानेवारी १९३७ मध्ये एका परिचिताने त्यांना आनापान शिकवले. प्राणायामात श्वासाला वळण लावले जाते. इथे तसे काही करायचे नाही. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास आत्ता जसा आहे, तसा फक्त जाणायचा. मन इतके स्थिरावले की आठवडाभरातच ते हातातली कामे टाकून सया थेटजी या शेतकरी गुरूंकडे विपश्यना शिकायला गेले. परतल्यावर टेबलावर पाकीट दिसले. बडतर्फीचा हुकूम असावा असे वाटले. निघाले बढतीचे पत्र.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन त्याचे पहिले महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी कार्यालयातल्या लोकांसाठी विपश्यना मंडळ काढले, १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र उभारले. काही काळ तर ते एकाच वेळी तीन खाती सांभाळत होते आणि ध्यानही शिकवत होते. निवृत्ती थेट १९६७ मध्ये. ध्यान म्हणजे संसारातून काढता पाय, हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही.

भारताशी संबंध कसा?

१९५५ मध्ये मायग्रेनने बेजार झालेले, मॉर्फिनपर्यंत पोहोचलेले व्यापारी गोएंका त्यांच्याकडे आले. डोकेदुखी घालवण्यापुरतेच यायचे असेल तर शिबिरात जागा नाही, असे ऊ बा खिन यांनी त्यांना स्पष्ट बजावले. व्यापाऱ्याला हे लागले असणार, पण ते परत आले आणि चौदा वर्षे शिकले.

ही विद्या ब्रह्मदेशाला भारताकडून मिळाली आणि भारतातच ती हरवली, असे ऊ बा खिन मानत. म्हणून ते ऋण होते आणि फेडायचे होते. त्यांना स्वतःला भारतात येता आले नाही. १९६९ मध्ये आईच्या आजारपणामुळे गोएंकांना भारतात येण्यासाठी पासपोर्ट मिळाला, तेव्हा गुरूंनी त्यांना आचार्य नेमून पाठवले. जुलैमध्ये मुंबईत पहिले शिबिर झाले. मोजक्या साधकांत गोएंकांचे आई-वडीलही होते. ऊ बा खिन जानेवारी १९७१ मध्ये वारले. इगतपुरीचे केंद्र उभे राहायला अजून पाच वर्षे होती.

मुंबईत गोराईजवळचा, २००९ मध्ये खुला झालेला पॅगोडा रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर आहे. ही विद्या जपल्याबद्दल ब्रह्मदेशाचे आणि ऊ बा खिन यांचे आभार म्हणून तो बांधला गेला.