अहमदजान थिरकवा

उस्ताद अहमदजान थिरकवा (जन्म : मुरादाबाद, इ.स. १८९२च्या सुमारास, मृत्यू : लखनौ, १३ जानेवारी, इ.स. १९७६) हे हिंदुस्तानी संगीतातील श्रेष्ठ तबलावादक होते. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी अनेक वर्षे तबल्याची साथ केली आणि पुढे स्वतंत्र तबलावादक, म्हणजेच एकलवादक, म्हणून ते देशभर मान्यता पावले. तबला हे केवळ साथीचे वाद्य नसून संपूर्ण मैफल पेलू शकणारे वाद्य आहे, ही जाणीव सर्वसामान्य श्रोत्यांत रुजविणाऱ्या वादकांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

बालपण आणि शिक्षण

अहमदजान यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे संगीतोपजीवी घराण्यात झाला. आरंभी त्यांना गायन व सारंगी यांचे शिक्षण मिळाले. परंतु उस्ताद मुनीर खाँ यांचे वादन ऐकल्यावर त्यांचा ओढा तबल्याकडे वळला आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते मुनीर खाँ यांचे शिष्य झाले.

मुनीर खाँ हे मूळचे मेरठ जिल्ह्यातील ललियाना गावचे. त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ मुंबईत होते. एकाच घराण्यात न अडकता त्यांनी दिल्ली, अजराडा, लखनौ व फरुखाबाद या परंपरांतील रचनांचा मोठा संग्रह केला होता. हा संग्रह त्यांनी शिष्यांना मुक्तहस्ताने दिला. पुढे मुंबईत तबल्याचे असंख्य विद्यार्थी घडविणारे उस्ताद अमीर हुसेन खाँ हे मुनीर खाँ यांचे भाचे व शिष्य, म्हणजेच अहमदजान यांचे गुरुबंधू होत.

‘थिरकवा’ हे मूळ आडनाव नव्हे. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी तबल्यावर नाचणारी अहमदजान यांची बोटे पाहून त्यांना हे नाव दिले, असे सांगितले जाते. ‘थिरकना’ या हिंदी क्रियापदाचा अर्थ लयीत नाचणे असा होतो. हे टोपणनाव पुढे इतके रूढ झाले की मूळ नावाइतकीच त्याला प्रसिद्धी मिळाली.

गंधर्व नाटक मंडळी

बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी इ.स. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) व ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांनी मंडळीचा लौकिक वाढविला. संगीताच्या बाबतीत बालगंधर्व कसलीही काटकसर करीत नसत. त्यांच्या साथीला ऑर्गन, सारंगी व तबला अशी वाद्ये असत. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा अशी साथ मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली.

नाटकातील साथ ही मैफलीतील साथीहून निराळी असते. तेथे गाण्याआधी संवाद असतो, पात्राची मनःस्थिती असते आणि पदातील शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागतात. तबल्याने शब्द झाकला तर पद फसते आणि ठेका निर्जीव झाला तर रंग भरत नाही. शिवाय बालगंधर्वांच्या पदांना वारंवार ‘वन्स मोअर’ मिळत असे. तेच पद पुन्हा गाताना ते नव्या जागा घेत आणि तबलजीला त्या जागांचा वेध तत्क्षणी घ्यावा लागे. नाटकांचे प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालत. एकाच रात्री त्रिताल, झपताल, दादरा, केरवा असे अनेक ताल हाताळावे लागत.

ज्या वादकाजवळ रचनांचे भांडार होते, त्याला येथे बहुतेक वेळ साधा ठेकाच धरावयाचा होता. थिरकवांनी हे बंधन मानले आणि त्यातच आपले कौशल्य दाखविले. ठेक्यातील प्रत्येक अक्षराला गोलाई व आस देणे, गायकाला समेवर अलगद आणून सोडणे आणि मोजक्या जागी मुखडा घेऊन बाजूला होणे, हे त्यांच्या साथीचे विशेष होते. पुढील काळातील त्यांच्या एकलवादनात जो संयम आढळतो, त्याची घडण रंगभूमीवरील या वर्षांत झाली, असे मानण्यास जागा आहे.

रामपूर दरबार

इ.स. १९३१मध्ये बोलपटांचे युग सुरू झाले. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि संगीत नाटकांचा प्रेक्षक ओसरू लागला. गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा भार होता. इ.स. १९३५मध्ये स्वतः बालगंधर्वांनी प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात काम केले. मंडळीवर अवलंबून असलेल्या वादकांचा आधार अशा रीतीने सुटत गेला. याच दशकात थिरकवा रामपूर संस्थानात दरबारी वादक म्हणून रुजू झाले. नवाब रझा अली खाँ हे संगीताचे जाणकार होते. दरबारात जाणत्या श्रोत्यांपुढे वादन करण्याची संधी थिरकवांना लाभली. स्वातंत्र्यानंतर इ.स. १९४९मध्ये रामपूर संस्थान विलीन झाले व राजाश्रयाचा तो काळही संपला.

एकलवादन आणि शैली

जुन्या काळी तबलजीला गायक व तंतकारांच्या तुलनेत दुय्यम स्थान असे. एकलवादनाची परंपरा होती, पण ती मुख्यतः उस्ताद व जाणकार यांच्या बैठकींपुरती मर्यादित होती. आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि संगीत परिषदा यांमुळे ती सामान्य श्रोत्यांपर्यंत आली आणि या बदलात थिरकवांचा वाटा मोठा आहे.

एकलवादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी सुरावट, सतत वाजत राहते. तिच्या आधारे वादक पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा, चक्रदार असा क्रम मांडतो. थिरकवांचा पेशकार विशेष गाजला. संथ लयीत बोलांचा हळूहळू विस्तार करणारा हा भाग ते ख्यालातील आलापीसारखा फुलवीत. दिल्लीच्या बाजाची बोटांची स्पष्टता आणि पूरबच्या बाजाचा खुला, घुमारेदार नाद यांचा मेळ त्यांच्या हातात होता. डग्ग्यावरील मींडयुक्त काम, द्रुत लयीतही न बिघडणारी अक्षरे आणि बोलांची रसाळ पढंत हीही त्यांची वैशिष्ट्ये होत. केवळ वेगासाठी त्यांनी नादमाधुर्याचा बळी दिला नाही.

अध्यापन आणि शिष्य

लखनौ येथील भातखंडे संगीत महाविद्यालयात (स्थापना १९२६, पूर्वीचे मॅरिस कॉलेज) त्यांनी तबल्याचे प्राध्यापक म्हणून अध्यापन केले. परंपरेने गुरुमुखातून शिकलेला हा कलावंत अशा रीतीने संस्थात्मक शिक्षणाशीही जोडला गेला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मुंबईच्या एन.सी.पी.ए. या संस्थेशी त्यांचा संबंध आला.

रंगभूमीमुळे महाराष्ट्राशी जडलेले त्यांचे नाते शिष्यपरंपरेत टिकून राहिले. ‘गुणीदास’ या नावाने बंदिशी रचणारे गायक जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, नारायणराव जोशी, निखिल घोष व भाई गायतोंडे यांनी त्यांच्याकडून मार्गदर्शन घेतले.

पुरस्कार आणि मृत्यू

थिरकवांना इ.स. १९५३-५४चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. इ.स. १९७०मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. उतारवयातही त्यांचे वादन सुरू होते. १३ जानेवारी, इ.स. १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही तबल्याच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे साधन आहेत.