नळदुर्गचा आडवा फोटो उभ्या स्टेटसला बसवायचा? मग दादासाहेब फाळकेंची गोष्ट वाचाच

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले की धाराशिव जिल्ह्यातल्या लोकांच्या स्टेटसला तेच दिसायला लागतात. अडचण एकच असते. बोरी नदीवरचा तो बंधारा आहे आडवा आणि मोबाईलची स्क्रीन आहे उभी.

फोटो बाजूंनी दाबला तर समोर उभी असलेली माणसं काडीसारखी दिसतात. कडा कापल्या तर नर राहतो आणि मादी जाते.

यावर २००७ साली शाई अविदान आणि एरियल शमीर या दोन संशोधकांनी एक भन्नाट युक्ती मांडली. पुढच्याच वर्षी ती फोटोशॉपमध्ये ‘कंटेंट-अवेअर स्केल’ नावानं आली. फुकटात मिळणाऱ्या गिंपसाठीही ‘लिक्विड रिस्केल’ नावाचं प्लगइन निघालं.

युक्ती अशी आहे. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या ओळी. जिथं शेजारच्या ठिपक्यांच्या रंगात फारसा फरक नाही, म्हणजे मोकळं आभाळ किंवा कोरी भिंत, तिथं महत्त्वाचं काही नाही असं सॉफ्टवेअर धरून चालतं. मग वरून खालपर्यंत, प्रत्येक ओळीतला एकेक ठिपका घेत, सगळ्यात बिनमहत्त्वाची वाकडीतिकडी रेघ ते शोधतं आणि काढून टाकतं. अशा शेकडो रेघा गेल्या की फोटो अरुंद होतो. दोन्ही धबधब्यांवर आधीच राखायची खूण केली, तर ते शाबूत राहतात.

पण मधली भिंत आक्रसते. नर आणि मादी प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा जवळ येतात. मग हा फोटो खरा म्हणायचा का?

चित्राचं माप कुठं बदललेलं चालतं आणि कुठं अजिबात चालत नाही, हे दोन्ही एकाच आयुष्यात अनुभवलेला माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके.

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढं बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक बनवायची विद्या घेतली.

गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल दोघंही गेले. फाळकेंनी गोध्रा सोडलं.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं, सरस्वतीबाईंशी. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली.

इथं माप हेच सर्वस्व. जुन्या वास्तूचं रेखाटन करताना दोन खांबांतलं अंतर कागदावर कमी दाखवलं, तर ते रेखाटन अभ्यासाच्या कामाचं उरत नाही. पानात बसत नाही म्हणून भिंत लहान करायची सोय तिथं नसते.

पुढं स्वदेशीच्या वाऱ्यात फाळकेंनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात ब्लॉकचा, छपाईचा धंदा सुरू केला. राजा रविवर्मांच्या चित्रांच्या छपाईचं कामही केलं.

त्या काळी चित्र छापणं सोपं नव्हतं. मोठ्या कॅमेऱ्यासमोर मूळ चित्र लावायचं आणि बारीक रेघांच्या जाळीतून त्याचा फोटो घ्यायचा. जाळीमुळं चित्राचे ठिपके होतात. गडद भागात मोठे, उजळ भागात बारीक. ते धातूच्या पत्र्यावर उतरवून ॲसिडनं कोरले की ब्लॉक तयार.

कॅमेरा पुढं-मागं करून चित्र लहानमोठं करता यायचं. पण लांबी कमी केली की रुंदीही त्याच प्रमाणात कमी व्हायची. तरी जागेत बसलं नाही तर कात्री चालवावी लागायची. काय राखायचं आणि काय कापायचं, हे माणूस डोळ्यानं ठरवायचा.

धंदा वाढला, मुंबईत दादरला गेला. नाव पडलं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये फाळके नवी यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस स्वतः उभ्या केलेल्या छापखान्यातून बाहेर पडला.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपल्या रामकृष्णांना असंच पडद्यावर आणायचं, हे डोक्यात बसलं. मग सिनेमे पाहण्याचा आणि प्रयोगांचा सपाटा लागला. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परतली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

पहिला प्रयोग काय, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप. ते कसं वाढतं हे थोडंथोडं टिपून काही क्षणांत दाखवलं. म्हणजे दिवसांचा काळच त्यांनी आक्रसून टाकला.

पुढं ‘राजा हरिश्चंद्र’ साठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली आणि शूटिंगवरच्या सगळ्यांचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये सिनेमा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला.

इथं फाळके जादूगार झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये अण्णा साळुंके एकटेच राम आणि सीता दोन्ही झाले. प्रेक्षकांची फसवणूक झाली असं कुणी म्हटलं नाही, कारण ती गोष्ट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नकाशात जे पाप, ते पडद्यावर कौतुक!

बोलपट आले आणि फाळके मागं पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उरलेला नाही, काही भागच हाती आहे. त्याची चौकट साधारण चारास तीन, म्हणजे जवळपास चौकोनी. मोबाईलवर तीच क्लिप कुणी रुंद ताणतं, हरिश्चंद्र जाडा दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की जुने सिनेमे असेच असायचे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. वाढदिवसाचं बॅनर असेल तर सॉफ्टवेअरला खुशाल रेघा काढू द्या. फक्त चेहऱ्यांवर राखायची खूण करा, नाहीतर नाक वाकडं होऊ शकतं. पण किल्ल्याची पडझड, पुराचं पाणी, पिकाचं नुकसान दाखवायचं असेल, तर फोटो आहे तसा आडवाच टाका. वर-खाली काळी पट्टी आली तरी बिघडत नाही.

नळदुर्गच्या नर आणि मादीमध्ये जेवढी भिंत आहे, तेवढी तरी त्यात दिसेल.