हवालदार अब्दुल हमीद

विद्यार्थ्यांनो, हवालदार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चौकातला पोलीस उभा राहतो ना? सैन्यातही हवालदार असतो. २०२२ पर्यंत जवान शिपाई म्हणून भरती होत असे. मग लान्स नायक, नायक आणि हवालदार अशा पायऱ्या तो चढत असे. अब्दुल हमीद याच वाटेने गेले.

उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर हे खेडे आहे. तेथे १ जुलै १९३३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मोहंमद उस्मान शिंपीकाम करत आणि हमीद त्यांना मदत करत. २७ डिसेंबर १९५४ रोजी ते सैन्यात भरती झाले. नसिराबादला शिक्षण घेऊन ते ग्रेनेडियर्सच्या चौथ्या पलटणीत दाखल झाले. १९६२ च्या चीन युद्धात ही पलटण वेढली गेली. जवान भूतानमार्गे पायी परत आले.

हमीद पाच वर्षे रणगाडाविरोधी तोफेवर होते. ही तोफ जीपवर बसवलेली असते. गोळा सुटला की मागे ज्वाळा व धूळ उडते आणि शत्रूला जागा कळते. म्हणून गोळा मारताच जीप हलवावी लागते. या कामात साऱ्या पलटणीत त्यांचा नेम पहिला होता.

पुढे त्यांना बढती मिळाली. ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले. म्हणजे कंपनीचे कोठार त्यांच्या ताब्यात आले. काम विश्वासाचे खरे; पण गंमत पाहा, बढती मिळाली आणि उत्तम नेमबाज तोफेपासून दूर गेला!

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. तेव्हा पलटणीच्या प्रमुखांना हमीद यांची आठवण झाली. त्यांनी कोठारातून हमीद यांना पुन्हा तोफेवर बोलावले.

पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे पॅटन रणगाडे चालून आले. जाड पोलादाच्या रणगाड्यांपुढे उघडी जीप ती काय! हमीद उंच पिकात लपत. रणगाडा जवळ येईपर्यंत थांबत, गोळा मारत आणि लगेच जागा बदलत. असे त्यांनी अनेक रणगाडे निकामी केले. १० सप्टेंबरला एका रणगाड्याचा गोळा त्यांच्या जीपवर आला आणि ते शहीद झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

परमवीर चक्र देताना हुद्दा पाहत नाहीत. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हातून ते पदक हमीद यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी स्वीकारले.