दोस्तोव्हस्की आणि त्याच्या फिट

‘क्राइम अँड पनिशमेंट’ लिहिणाऱ्या रशियन दोस्तोव्हस्कीला (१८२१-१८८१) अपस्मार होता, म्हणजे फिट यायच्या. सायबेरियातल्या चार वर्षांच्या सक्तमजुरीत त्या वाढल्या. फिट येऊन गेली की काही दिवस डोकं जड, मन उदास, काही आठवायचं नाही. तरी पठ्ठ्या लिहीतच राहिला. ‘द इडियट’चा हीरोसुद्धा फिटचाच पेशंट! पण १८७८ मध्ये त्याचा अल्योशा, तीन वर्षांचाही नव्हता, लांबलेल्या फिटमध्ये गेला. आपला आजार आपल्याकडूनच पोराकडे गेला, याने बाप फार खचला. फिनोबार्बिटोन या आजारावर आलं ते १९१२ मध्ये. आता योग्य गोळी रोज घेतली तर दहातल्या सातजणांच्या फिट थांबू शकतात. आमच्या कासात उपजिल्हा रुग्णालय आहे, तरी फिट आली की कुणीतरी आधी कांदा नाहीतर चप्पल शोधतंच! पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल.