डॉ. कोटणीस आणि एक पट्टकृमी

सोलापूरच्या भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेले असते. चीनला गेलेले, तिथेच लग्न केलेले, तिथेच वारलेले डॉक्टर, एवढी ओळख शाळेतल्या मुलालाही असते. मग व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा आहेच. पण ते कशाने वारले, असे विचारले की उत्तर अडखळते. कोणी युद्धात म्हणतो, कोणी अतिश्रमाने. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते अपस्माराच्या एकामागून एक आलेल्या झटक्यांनी गेले. आणि चीनमध्ये त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यात या झटक्यांच्या आधीच्या एका आजाराचा उल्लेख येतो, तो म्हणजे पट्टकृमीची लागण.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापुरातल्या बेताच्या परिस्थितीतल्या घरातला. गिरणगावाच्या भोंग्यावर चालणारे ते सोलापूर होते. मुलगा मुंबईला गेला आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. पुढच्या परीक्षेच्या तयारीत असतानाच, १९३८ मध्ये, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी चीनसाठी वैद्यकीय पथक पाठवण्याचे आवाहन केले. जपानी सैन्य चीनमध्ये घुसले होते आणि सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. वयाने ते २८ चेही नव्हते.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. वर्षभरात परतायचे असे ठरले होते. चुंगकिंगमध्ये असताना वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. घरी परतण्याचा रस्ता मोकळा होता, पण ते पथकाबरोबर पुढे गेले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. त्यांचे चिनी नाव पडले, के दिहुआ. त्यातला शेवटचा ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही जणांनी आपल्या नावाला तो जोडला होता.

पथकातले इतर एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस मात्र उलट दिशेने, आघाडीकडे गेले. १९४० च्या मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेवर जखमी त्यांच्या हाताखालून गेले, त्यात सलग तीन दिवस-रात्र त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. शेतातल्या झोपडीत, देवळात, जिथे आडोसा मिळेल तिथे शस्त्रक्रिया चालत. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. हे रुग्णालय ज्यांच्या नावाने होते ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. म्हणजे आधीचा डॉक्टर जिवाणूने गेला आणि नंतरच्याच्या मागे कृमी लागला. गोळीने दोघांपैकी कोणीच गेले नाही. युद्धातल्या मृत्यूंचा हा हिशेब सिनेमात फारसा दिसत नाही.

पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा, पांढरट, लहान-लहान खंडांचा बनलेला जंत. माणसाच्या आतड्यात तो दोन-तीन मीटर, कधी त्याहून लांब वाढतो. डुकरातून येणाऱ्या जातीचे चक्र असे : कच्चे राहिलेले मांस खाल्ले की त्यातली अळी माणसाच्या आतड्यात जाऊन जंत बनते. जंताची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती डुकराच्या पोटात गेली की त्याच्या मांसात पुन्हा अळीच्या पुटकुळ्या तयार होतात. उत्तर चीनच्या खेड्यांत त्या काळी घराचा संडास आणि डुकरांचा गोठा एकमेकांना जोडलेले असत. कृमीला याहून सोयीचे काय हवे? त्या भागातली डॉक्टर-शिपाई मंडळी गावकऱ्यांच्याच घरात राहत, त्यांच्याच चुलीवरचे खात.

आतड्यातला हा जंत तसा फार त्रास देत नाही. पोट दुखते, भूक बिघडते, शौचात फितीचे तुकडे दिसतात. खरा धोका अंड्यांचा. ती माणसाच्याच पोटात गेली, स्वतःच्या न धुतलेल्या हातांनी किंवा दुसऱ्याच्या हातच्या अन्नातून, तर त्यांतून निघालेली अळी माणसालाच डुक्कर समजते. आतड्याची भिंत भेदून ती रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन पुटकुळी बांधून बसते.

परजीवी चुकीच्या घरात शिरला की असेच होते. पूर्व आशियातल्या नद्यांतील वाम माशाच्या हवेच्या पिशवीत एक गोलकृमी राहतो. तिथल्या वामीशी त्याचे युगानुयुगांचे जमलेले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जिवंत माशांच्या व्यापारातून तो युरोपात पोहोचला आणि तिथल्या वामीच्या पिशव्या जाड, व्रणयुक्त करून सोडल्या. अंडी घालण्यासाठी हजारो किलोमीटर समुद्र पोहणाऱ्या माशाला ही पिशवी निकामी होणे परवडत नाही. माणसाच्या मेंदूतली पट्टकृमीची अळीही अशीच वाट चुकलेली. तिला तिथून पुढे जायला मार्गच नसतो.

मेंदूतली पुटकुळी अनेकदा वर्षानुवर्षे गप्प असते. ती मरू लागली की आसपास सूज येते आणि धडधाकट माणसाला अचानक फिट येते. हे ज्ञान १९४२ मध्ये नवे नव्हते. त्याआधीच्याच दशकात विल्यम मॅकार्थर या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या फिटचा माग काढत हीच अळी गाठली होती. पण जिवंत माणसाच्या मेंदूत ती दाखवील असे यंत्र नव्हते. सीटी स्कॅन आला १९७० च्या दशकात. त्यामुळे कोटणीसांचा पट्टकृमी आणि त्यांचा अपस्मार यांची सांगड हा वैद्यकीय तर्क आहे, छायाचित्राचा पुरावा नाही. तर्क मात्र भक्कम आहे. कृमीची लागण, त्यानंतर तरुण वयात सुरू झालेले झटके, हा क्रम आज कुठल्याही मेंदूविकारतज्ज्ञाला लगेच ओळखू येईल.

झटके येत होते तरी ते थांबले नाहीत. आघाडी सोडून उपचार घेण्याचा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी ग्वो छिंगलान या शुश्रूषा शिकवणाऱ्या सहकारी स्त्रीशी लग्न केले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. दिवसा शस्त्रक्रिया आणि रात्री विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषेत शस्त्रक्रियेच्या पुस्तकाचे लेखन, असा क्रम होता. ८ डिसेंबरच्या रात्री झटका आला तोही लिहितानाच. मग झटके थांबेचनात. हपै प्रांतातल्या गेगोंग नावाच्या खेड्यात, शत्रूच्या वेढ्यात, दुसऱ्या दिवशी ते गेले. पुस्तक अर्धेच राहिले आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

आज असा रुग्ण वाचण्याची शक्यता बरीच मोठी आहे. स्कॅनमध्ये पुटकुळी दिसते, अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेल ही औषधे आहेत, सोबत सूज कमी करणारे आणि झटके आवरणारे औषध लागते. मात्र हे सारे डॉक्टरच्या देखरेखीखालीच. जंताची गोळी म्हणून दुकानातून आणून घ्यायची ही गोष्ट नाही, कारण अळ्या एकदम मेल्या की सूज वाढू शकते. आणि आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होते, असे समजणाऱ्यांनाही हा आजार होतो. मैलामिश्रित पाण्यावर वाढलेली कोथिंबीर, कच्चा कोबी, गाड्यावरच्या माणसाचे हात एवढे पुरते. भारतात प्रौढपणी सुरू होणाऱ्या फिटच्या प्रमुख कारणांत ही अळी आजही आहे.

कोणाला फिट आली तर चप्पल वा कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा सुरू झाला, तर थेट रुग्णालय गाठावे.