कंदीलधारी शिक्षिका : नॅनो नेगल (१७१८-१७८४)

आयर्लंडच्या दक्षिणेस, कॉर्क परगण्यात, ब्लॅकवॉटर नदीच्या खोऱ्यात किलावुलेन नावाचे जुने गाव आहे. गावालगतच्या बॅलिग्रिफिन या वाडीत १७१८ साली होनोरा उर्फ नॅनो नेगल यांचा जन्म झाला. नेगल घराणे इतके जुने की शेजारची डोंगररांगही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विख्यात विचारवंत एडमंड बर्क यांचे हे आजोळचे घराणे.

घरी सुबत्ता होती. पण धर्म कॅथलिक होता. इंग्रजी राजवटीने १६९५ साली केलेल्या कायद्यानुसार कॅथलिकांना शाळा चालविण्यास व मुलांना शिक्षणासाठी परदेशी धाडण्यास मनाई होती. गोरगरिबांची मुले कुंपणाच्या आडोशाने किंवा पडक्या भिंतींमागे चोरून अक्षरे गिरवीत. श्रीमंत पालक मुलांना गुपचूप फ्रान्सला पाठवीत. नॅनोही तशाच फ्रान्सला गेल्या आणि तेथील सुखासीन जीवनात रमल्या.

१७४६ साली वडिलांचे निधन झाले व त्या मायदेशी परतल्या. असे सांगतात, की त्यांनी पॅरिसहून आणलेले उंची रेशमी कापड त्यांच्या बहिणीने विकले व ते पैसे गरिबांना वाटले. त्याच बहिणीच्या अकाली मृत्यूने नॅनोंचे अंतःकरण हेलावले. खेड्यातील निरक्षर लोकांची केविलवाणी अवस्था पाहून त्या पुन्हा फ्रान्सला गेल्या. मठात जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करावी हा हेतू. परंतु प्रार्थनेबरोबर अध्यापनही हवे, अशी अंतरीची हाक त्यांनी ओळखली.

१७५४ च्या सुमारास कॉर्क शहरातील कोव्ह लेनमध्ये त्यांनी एका खोलीत तीस गरीब मुलींची शाळा सुरू केली. घरच्यांना याचा पत्ता नव्हता. एके दिवशी एक गरीब मनुष्य मुलीच्या प्रवेशासाठी त्यांच्या भावाकडे आला. आपल्या बहिणीला शाळामास्तरीण समजणारा हा वेडाच दिसतो, असे भाऊ हसत सांगू लागले. तेव्हा नॅनोंनी सत्य कबूल केले. भाऊ भयंकर संतापले. त्यांचा संताप अकारण नव्हता, कारण शाळा उघडकीस आल्यास सारे कुटुंब संकटात सापडले असते. तथापि त्यांचा राग निवळला व तेच शाळेचे साहाय्यकर्ते झाले. नऊ महिन्यांत मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली आणि पुढे मुलींच्या पाच व मुलांच्या दोन अशा सात शाळा झाल्या.

दिवसभर शिकवून झाल्यावर नॅनो हाती कंदील घेऊन अंधाऱ्या गल्लीबोळांतून आजारी व निराधारांच्या भेटीस जात. ‘कंदीलवाली बाई’ ही त्यांची ओळख त्यातूनच रूढ झाली. त्यांनी १७७१ साली उर्सुलाइन भगिनींना कॉर्कला आणविले. मात्र त्या भगिनी मठाच्या बंदिस्त नियमाने बांधलेल्या असल्याने वस्तीत जाऊ शकत नव्हत्या. म्हणून २४ डिसेंबर १७७५ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, नॅनोंनी तीन सहकारिणींसह नवा संघ स्थापिला. पुढे तोच ‘प्रेझेंटेशन सिस्टर्स’ म्हणून नावारूपास आला.

१७८२ साली कायदा सैल होऊन कॅथलिकांना परवाना घेऊन शिकविण्याची मुभा मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ एप्रिल १७८४ रोजी, नॅनोंनी कॉर्क येथे देह ठेवला. १८४२ साली त्यांच्या संघाच्या भगिनी आयर्लंडहून मद्रासला पोहोचल्या व भारतातील मुलींनाही त्या कंदिलाचा प्रकाश लाभला. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले.

ज्या गावात अक्षर शिकविणे गुन्हा होता, त्याच गावच्या लेकीने देशोदेशीच्या लेकींसाठी शाळेची दारे उघडली. आपल्या मुलींना आज सहज मिळणाऱ्या पाटीपुस्तकामागे कोणीतरी पत्करलेला असा धोका असू शकतो, याचे स्मरण आपण ठेवावे.