विश्लेषण : पाळणाघरातल्या मुलांना नवे काय द्यायचे? ताराबाई मोडक यांचे काम आजही का उपयोगी पडते?

पाळणाघर चालवणाऱ्यांची खरी परीक्षा दुपारी चारनंतर सुरू होते. मुलांची झोप झालेली असते, खाऊ संपलेला असतो आणि आईबाबा यायला अजून दोन-अडीच तास असतात. एक मूल दोन वर्षांचे, दोघे तिनाचे, एक साडेचारचे. खेळण्यांची टोपली दोनदा उपडी करून झालेली. मग एक तर टीव्ही लागतो, नाही तर ताई मोबाइलवर नव्या अ‍ॅक्टिव्हिटी शोधू लागते. तिथे सापडते ते बहुधा विकत आणायचे असते. अशा वेळी ज्यांचे काम आठवावे, त्या ताराबाई मोडक. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, पण त्यांनी रूढ केलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर बोलला जातो.

ताराबाई बालशिक्षणाकडे कशा वळल्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाशी जोडलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री हेच नवल होते, त्यात घटस्फोटित आणि पदरी लहान मुलगी. त्यांनी राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी धरली. मान होता, पगार होता. तो सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेतील बालमंदिरात काम करायला गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरीपर्यंत पोहोचले आणि वकिली मागे पडली.

मॉन्टेसरी पद्धत मुळात कोणासाठी होती?

आज ‘मॉन्टेसरी’ ही पाटी दिसली की पालक आधी फीचा अंदाज बांधतात. सुरुवात मात्र उलटी होती. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आईबाप कामावर गेल्यावर मुले जिने आणि भिंती खराब करत फिरत. इमारतींच्या मालकांना त्यांना सांभाळायला कोणी तरी हवे होते. ते काम डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे आले. म्हणजे जगभर गाजलेली ही पद्धत जन्मली ती मजुरांच्या मुलांसाठी काढलेल्या, आपल्या भाषेत पाळणाघरच म्हणावे अशा जागेत. पुढे तिची ठरावीक मापाची, सुबक लाकडी साधने महाग झाली आणि ती ऐपतवाल्यांच्या घरी गेली. १९३१ मध्ये लंडनमध्ये मॉन्टेसरींची भेट झाली, तेव्हा ही पद्धत गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावी अशी आशा गांधीजींनी व्यक्त केली होती.

ताराबाईंनी सुरुवात शहरातच केली. १९२६ मध्ये गिजुभाईंसह नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या मराठी ‘शिक्षण पत्रिके’चे संपादन त्यांनी केले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथे मुले येत ती बहुतेक मध्यमवर्गीय, पांढरपेशा घरांतली. साधने होती, जागा होती, पालकही उत्सुक होते. हे सगळे नीट चाललेले असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या ते सोडून खेड्यात गेल्या.

बोर्डीत काय घडले?

१९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत होत्या अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती वस्त्यांवरची मुले फिरकेनात. आईबाप पहाटेच कामावर गेलेले, मुलांना कोणी आणून सोडणार नाही, आणि गावातल्या मुलांबरोबर आपली मुले बसतील यावर कोणाचा विश्वास नाही. ताराबाईंनी मुलांची वाट पाहणे सोडले आणि बालवाडीच वस्तीवर नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी.

तिथे पहिली ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ असे ती हातपाय धुण्याची, केस विंचरण्याची. मग खाऊ, गाणी, खेळ. रोमहून किंवा दादरहून लाकडी साधने आणणे परवडणारे नव्हते. त्यांची तिथे गरजही नव्हती, कारण मॉन्टेसरीचे साधन करते काय, हे ताराबाईंना नेमके ठाऊक होते. लहान-मोठे ओळखायला लावणे, रंगाला रंग जुळवणे, खरखरीत-गुळगुळीत हाताने ताडणे, बोटांना वळण देणे. एवढेच करायचे तर बिया, शिंपले, दगड, पाने, माती, बांबू पुरतात, आणि बोर्डीच्या आसपास त्यांना तोटा नाही. त्यातून जे उभे राहिले ते स्वस्तातले मॉन्टेसरी नव्हते. मूल ज्या वस्तू घरी पाहते, त्यांच्यातूनच विचार करायला शिकते, हा त्यामागचा आग्रह होता.

कोसबाडला पाळणाघर शाळेत कसे आले?

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेले. तिथे एक वेगळीच अडचण पुढे आली. सहा-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेली की घरातले पाळणाघर म्हणजे ही थोरली मुलगी. तिला शाळेत बसवायचे तर कडेवरचे मूल कुठे ठेवायचे?

ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. या रचनेला त्यांनी ‘विकासवाडी’ म्हटले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. जी मुले गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले. ती ‘कुरणशाळा’. लहान मुलांच्या सांभाळाचा प्रश्न हा त्यांच्या मोठ्या बहिणीच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी जणांनी पाहिले. बालशिक्षणावर लिहिताना आजही ते अनेकदा सुटून जाते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले.

आजच्या पाळणाघरात यातले काय करता येईल?

खाली दिलेले खेळ ताराबाईंच्या नोंदींतून उचललेले नाहीत. त्यांची रीत वापरून शहरातल्या दोन खोल्यांच्या पाळणाघरात काय जमेल, हे पाहिले आहे. मॉन्टेसरी साधनांमध्ये दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा असतो. आपल्याकडे एकात एक बसणारे स्टीलचे डबे असतात. त्यांची उतरंड रचणे आणि पुन्हा एकात एक घालणे यात तीच समज लागते. शिवाय डबा चुकीचा बसवला की झाकण लागत नाही, म्हणजे चूक ताईला दाखवावी लागत नाही. खरखरीत कागदावरच्या अक्षरांऐवजी ताटात रवा पसरून बोटाने गिरवता येते. आपली जुनी धूळपाटी दुसरे काय होती?

आवाजाच्या डब्यांसाठी सहा सारख्या, आतले न दिसणाऱ्या डब्या घ्या. दोनांत तांदूळ, दोनांत जाडे मीठ, दोनांत चिंचोके. झाकणे चिकटपट्टीने पक्की करा. मुलांनी हलवून जोड्या लावायच्या. ओवा, लवंग, सुकी लिंबाची साल पातळ कापडात बांधली की वासाच्या पुरचुंड्या होतात. शिंप्याकडच्या चिंध्यांतून सुती, रेशमी, मखमली आणि गोणपाटाचे दोन-दोन तुकडे निवडा आणि डोळे मिटून जोडी शोधायला सांगा. पावसात खालून आंबा, पेरू, जास्वंदीची पाने वेचून आणली तर ती लांबीने लावण्यात अर्धा तास सहज जातो.

पाणी ओतण्याचा खेळ मात्र सगळ्यांत टिकाऊ. दोन छोटे तांबे, खाली परात, शेजारी फडके. सांडलेले पुसणे हा खेळाचाच भाग, शिक्षा नव्हे. एखादे मूल तेच वीस वेळा करते. ते कंटाळले असेल असे समजून ताई मध्येच नवे काही पुढे करते आणि रंग मोडतो. नव्या कल्पना हव्यात असे आपल्याला वाटते. मुलाला बहुधा तीच कल्पना आणखी थोडा वेळ हवी असते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट ताटात मांडावी, झाली की मुलानेच जागेवर ठेवावी आणि आठवड्याने साहित्य बदलावे.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी, मटार, शेंगदाणे असे काहीही सुटे देऊ नये. घशात अडकायला क्षण पुरतो. त्यांच्यासाठी डबे, वाट्या, कापड आणि पाणी ठीक. तेही ताई शेजारी बसलेली असतानाच, आणि खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकावे. लाल-काळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर, पण विषारी असतात. त्या कोणत्याच वयाच्या मुलांसाठी आणू नयेत.

वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र असतील तर साडेचार वर्षांची मुलगी धाकट्याला डबे रचायला आपणहून शिकवते. तिला शिकवू द्यावे. पण ताई स्वयंपाकघरात गेली म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम तिच्याकडे देऊ नये. तिचेही डबे अजून रचायचे राहिलेले असतात.